मदतनीस बसेना

पडद्यावर चांगल्या मराठीत लिहून यायचं, ‘मदतनीस प्रोग्राम बसवता आला नाही. कृपया पुन्हा प्रयत्न करा.’ मी पुन्हा प्रयत्न करायची. हिरवी पट्टी अर्ध्याच्या थोडी पुढे जायची, थांबायची, आणि परत तेच वाक्य. त्या बुधवारी सकाळी नऊला खुर्चीत बसले होते, जेवणाची वेळ झाली तरी उठले नव्हते. मागे बायका आमसुलांसाठी रातांबे फोडत होत्या आणि आई दर थोड्या वेळानं लाल झालेले हात पुढे धरून माझ्या मागे येऊन उभी राहत होती.

“झाला गो?”

“होता, होता,” मी म्हणायची.

होत काही नव्हतं.

काय करायचं होतं ते आधी सांगते. कोरगावात आमच्या वाड्यावरच्या अकरा बायकांचा स्वयंसहाय्य गट आहे. थोरल्या काकीच्या घराला लागून पत्र्याची एक लांब खोली आहे, ते गटाचं स्वयंपाकघर. शाळा चालू असताना इथून एका शिक्षणसंस्थेच्या चार शाळांना दुपारचं खाणं जातं. पाव पोदेराकडून येतो; भाजी, उसळ, शिरा, पुलाव बायका पहाटे लागून करतात आणि टेम्पो भरून देतात. सुटीच्या दिवसांत त्याच खोलीत आमसुलं, लोणची, फणसाचे पापड होतात. आई गटात पहिल्या दिवसापासून आहे. थोरली काकी अध्यक्ष. ती आमची सख्खी काकी नव्हे, शेजारीण, पण सगळा वाडा तिला थोरली काकीच म्हणतो.

दर वर्षी शाळा सुरू होण्याआधी गटानं अर्ज करायचा आणि संस्थेनं वर्षाचं काम द्यायचं, असं चालत आलं होतं. काकी कागदांची पिशवी घेऊन जायची आणि शिक्का मारलेली प्रत घेऊन यायची. या वर्षी संस्थेनं सगळं ऑनलाइन केलं. अर्ज ऑनलाइन, कागदपत्रं ऑनलाइन आणि सहीसुद्धा. सहीसाठी काकीच्या नावाचं एक टोकन आलं होतं, दिसायला पेन ड्राइव्हसारखं. ते संगणकाला लावायचं, अर्ज उघडायचा, पिन घालायचा, की काकीची सही झाली. पण ब्राउझरला त्या टोकनापर्यंत एकट्यानं पोचता येत नाही. म्हणून आधी ब्राउझरला एक एक्स्टेन्शन जोडायचं, आणि ते एक्स्टेन्शन संगणकात आणखी एक छोटा प्रोग्राम बसवणार, जो टोकन आणि ब्राउझर यांच्यामध्ये निरोप नेतो-आणतो. तोच हा मदतनीस. एक्स्टेन्शन जोडलं गेलं होतं. मदतनीस बसत नव्हता.

मुदत शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत. ती हुकली तर वर्षाचं काम गेलं, आणि अकराजणींना दुसरं काही बघावं लागलं असतं. आमच्याकडे बायकांना दुसरं म्हणजे काजूच्या बागेतली रोजंदारी, तीही हंगामापुरती.

दुसऱ्या कुणाच्या संगणकावरून अर्ज भरता आला नसता का, असं कुणी विचारेल. नसता. सूचनांमध्ये स्पष्ट होतं की पहिली सही ज्या संगणकावरून होईल तोच केंद्राचा संगणक म्हणून नोंदवला जाईल, आणि पुढे रोज पाठवलेल्या डब्यांची पोच त्याच्यावरूनच सही करून द्यायची. म्हणजे स्वयंपाकघरातल्या कोपऱ्यात, खिडकीखालच्या मेजावर ठेवलेला आमचाच संगणक चालायला हवा होता.

आता माझं. मी बी.कॉम. आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मीच. बाबा खाणीच्या ट्रकांवर ड्रायव्हर होते, आता बागायतीत काम करतात. आई चौथीपर्यंत शिकली. पदवी घेतानाचा माझा फोटो आमच्या बाहेरच्या खोलीत देवांच्या तसबिरींच्या रांगेत लावलेला आहे, आणि कुणी पाहुणा आला की आई त्याला पाणी देण्याआधी तो फोटो दाखवते. मला त्या पदवीचा अभिमान आहे आणि मी तो लपवत नाही. दोन बस बदलून कॉलेजला गेलेय, दिव्याखाली आकडेमोड केलीय, कुणाची शिकवणी लावली नाही. डिचोलीत एका वाहतूकवाल्याच्या ऑफिसात मी आज जी नोकरी करते ती त्याच्या जोरावर.

त्यामुळे संस्थेचं पत्र आलं तेव्हा बायका घाबरल्या आणि आई घाबरली नाही. “आमच्या चेडवाक सगळा येता,” तिनं गटात जाहीर करून टाकलं. विषय संपला.

बुधवारी दुपारी तीन वाजता आई पुन्हा येऊन उभी राहिली. या वेळी तिच्याबरोबर थोरली काकी होती, आणि पार्सेहून लग्न होऊन आलेली वहिनी, जिच्या जिभेला आम्ही सगळे जरा जपूनच असतो.

“काय म्हणता मशीन?” काकीनं विचारलं.

मला म्हणता आलं असतं की कळत नाही. दोनच शब्द होते. पण मागे आई उभी होती.

“नेट नाय,” मी म्हटलं. “नेट स्लो असा. म्हणान बसणा नाय.”

“बग,” वहिनी म्हणाली. “मी सांगलंय तुमका. त्या नेटाचाच काय ता असतला.”

तिघी समाधानानं रातांब्यांकडे परत गेल्या. मला सुटल्यासारखं वाटलं, पण ते तास-दीड तासच टिकलं. कारण संध्याकाळी बाबा बागेतून आले, आईनं त्यांना नेटचं सांगितलं, आणि बाबांनी कुणाला काही न विचारता शिडी लावली. नेटचा डबा उंचावर पाहिजे म्हणून त्यांनी तो रिकाम्या आइस्क्रीमच्या डब्यात घातला, सुंभानं बांधला आणि काकीच्या कौलांवर चढून पार वरच्या वाशाला लटकवला. उतरताना एक कौल फुटलं. गुडघा खरचटला. खाली येऊन घाम पुसत म्हणाले, “आता बग. आता धावतला.”

मी पुन्हा बटण दाबलं, कारण ते बघत होते. पट्टी अर्ध्याच्या पुढे गेली आणि थांबली.

“मघापेक्षा बरा असा,” मी म्हटलं. दुसरं खोटं.

रजा एका दिवसाचीच होती, गुरुवारी ऑफिसला जावं लागलं. म्हापशाला बस बदलून डिचोलीला पोचेपर्यंत माझ्या डोक्यात एकच चाललं होतं. जेवणाच्या सुटीत डबा न उघडता मी बाजारातल्या त्या दुकानात गेले जिथून गटानं हा संगणक घेतला होता. जुनाच संगणक, त्यानं नीट करून दिलेला. दुकानदार माझ्याहून दोन-चार वर्षांनी मोठा असेल. बारावीला दोनदा बसला आणि मग नाद सोडला, हे तो स्वतःच गिऱ्हाइकांना सांगत असतो. खरं सांगते, त्याच्याकडे विचारायला जायचं माझ्या जिवावर आलं होतं. तो स्क्रू-ड्रायव्हरनं काहीतरी उघडत होता.

“कितें कितें केलें तुवें?” त्यानं मान वर न करता विचारलं.

मी सांगितलं. ब्राउझर बदलला, अँटिव्हायरस बंद केला, एक्स्टेन्शन काढून परत घातलं, जुन्या फायली पुसल्या, संगणक बंद-चालू केला, ॲडमिन म्हणून चालवून बघितलं.

“एकेक करून?”

“नाही. घाईत होते. सगळं एकदम.”

“मगे कितें चुकलां तें तुका कळटलें कशें?” आता त्यानं मान वर केली. “शिकिल्लीं मनशां तुमी.”

मला लागलं ते. पण तो चिडवत नव्हता. त्यानं हात पुढे केला. मी काकीकडून मागून आणलेलं टोकन दिलं, आणि सही करायची नाही, फक्त मदतनीस बसतो का बघायचं, असं बजावलं. त्याच्या संगणकावर तोच ब्राउझर, तेच एक्स्टेन्शन. पट्टी एका दमात शेवटपर्यंत गेली. ‘मदतनीस प्रोग्राम बसवला.’ मी ते वाक्य पहिल्यांदाच बघत होते.

“टोकन बरें आसा. प्रोग्राम बरो आसा,” तो म्हणाला. “टोकन आनी पिन हांगा दवर. सांजेमेरेन अर्ज भरून दितां.”

“हाच संगणक नोंदवला जाईल मग,” मी म्हटलं. “आणि सही काकीची आहे. पिन तिनं मलासुद्धा सांगितलेला नाही.”

“बरें केलां तिणें.” त्यानं टोकन काढून माझ्या हातावर ठेवलं. “मगे आयक. हें म्हजें मशीन, तें तुमचें मशीन. हांगा बसता, थंय बसना. दोगांमदीं कितें वेगळें आसा तितलेंच सोद. आनी बसोवपी प्रोग्राम खंय अडलो तें एका फायलींत बरोवन दवरता. ती काड आनी सकयल्यान वयर वाच.”

म्हणजे दोन्ही संगणकांत वेगळं काय ते शोधायचं, आणि प्रोग्राम बसताना कुठे अडला त्याची नोंद संगणकात कुठेतरी पडलेली असते, ती खालून वर वाचायची. फाईल कुठे सापडेल तेही त्यानं एका जुन्या बिलाच्या मागे लिहून दिलं. मी पैसे विचारले तर तो परत स्क्रूकडे वळला. मी निघताना म्हणाला, “शनिवारीं सांग कितें जालें तें. म्हाकाय शिकूंक जाय.” त्यालाही शिकायचं होतं.

संध्याकाळी सातच्या आधी घरी पोचले. बायका आपापल्या घरी गेल्या होत्या. मी संगणक लावला आणि ती फाईल काढली. सगळी इंग्लिश, बारीक अक्षरांत, ओळींमागून ओळी. शेवटून वर चढत गेले. पाचव्या-सहाव्या ओळीवर लिहिलेलं होतं की अमुक फोल्डर सापडत नाही. फोल्डरचा पत्ता पुढे दिलेला होता. सुरुवात नीट, शेवट नीट, आणि मध्ये, जिथे संगणक वापरणाऱ्याचं नाव असायला हवं, तिथे नुसती प्रश्नचिन्हं. एक, मग मोकळी जागा, मग चार, मग मोकळी जागा, मग एक.

मी त्या प्रश्नचिन्हांकडे बघत बसले. आणि मग मला कळलं. कान गरम झाले माझे.

वर्षभरापूर्वी हा संगणक डिचोलीहून आला तो दिवस. बायकांनी मेज सारवल्यासारखं पुसलं होतं. पडद्याला हळदकुंकू लागलं, झेंडूची माळ पडली, नारळ फुटला. मग मी बटण दाबलं आणि संगणकानं विचारलं, वापरणाऱ्याचं नाव काय? आता अकराजणींत नाव कुणाचं घालायचं? एकीनं म्हटलं अध्यक्षाचं. दुसरीनं म्हटलं, मशीन काय एकट्या अध्यक्षाची आहे? वहिनीचं नाक लाल व्हायला लागलं होतं. तेव्हा थोरल्या काकीनं निकाल दिला, “नव्या वस्तूर पयला श्री घालतत. श्री घाल.”

आमच्याकडे असंच. नवी वही असो, लग्नाची यादी असो, बाजाराची चिठ्ठी असो, वर श्री काढल्याशिवाय पेन पुढे सरकत नाही. मला तर आयतीच संधी मिळाली. मराठी टायपिंग मी कॉलेजात शिकले होते. मी श्री लिहिलं, आणि नुसतं नाही, दोन्ही बाजूंनी दोन-दोन उभ्या रेघा देऊन, पत्रिकेवर असतं तसं. पडद्यावर ‘॥ श्री ॥’ उमटलं तेव्हा बायकांनी हात जोडले. आईनं सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं. त्या दिवसापासून संगणक लावला की आधी श्री दिसायचं आणि बायका जाता-येता पडद्याला नमस्कार करायच्या.

संगणकानं ते नाव मुकाट्यानं स्वीकारलं होतं आणि त्याच नावाचं फोल्डर करून वर्षभर चालवलंही होतं. लेबलं छापली, पत्रं लिहिली, कधी अडलं नाही. पण या मदतनिसाला बसवणाऱ्या प्रोग्रामला मराठी अक्षरं वाचता येत नव्हती. त्याला पत्त्यात प्रश्नचिन्हं दिसत होती, रेघांच्या प्रत्येक जोडीला एक आणि श्रीच्या चार तुकड्यांना चार, आणि तो दाराशी येऊन परत जात होता. डिचोलीच्या दुकानातल्या संगणकावर इंग्लिश नाव होतं. वेगळं होतं ते एवढंच.

आणि ते नाव माझ्या हातचं. नेट नव्हे, मशीन नव्हे, कुणी अडाणी नव्हे.

मी ताबडतोब नाव बदलायला घेतलं. श्री काढून इंग्लिश अक्षरांत ‘गट’ लिहिलं. संगणक बंद करून लावला. नवं नाव आलं. बटण दाबलं. पट्टी अर्ध्याच्या पुढे गेली आणि थांबली. पुन्हा फाईल उघडली तर पुन्हा तीच प्रश्नचिन्हं. नाव बदललं तरी आतलं फोल्डर जुन्याच नावाचं राहतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. दारावरची पाटी बदलली होती, घर तेच होतं. तोवर आईनं जेवायला हाक मारली. मी संगणक तसाच बंद केला. उद्या बघू म्हटलं. अर्धा दिवस रजा टाकली.

पाटी बदलून ठेवली आहे, हे मात्र विसरले.

शुक्रवारी सकाळी दात घासत होते तेवढ्यात वहिनीचा आवाज आला. ती आमसुलांची लेबलं छापायला लवकर आली होती.

“श्री खय गेलो? गो, ह्या मशिनीतलो श्री खय गेलो?”

मी धावत गेले तोवर चार-पाचजणी जमल्या होत्या. थोरली काकी पदर सावरत येत होती.

“कोणी काडलो?” काकीनं विचारलं.

“म्हणानच नेट नाय,” एक मागून म्हणाली. “श्री काडल्यार नेट खयसून येतला?”

“नेट बुधवारपासून नाय. श्री काल सांजेपर्यंत होतो. मी बगलेलो,” दुसरी म्हणाली.

“मगे काल सांजे हय कोण होता?” वहिनीनं माझ्याकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. आई तेवढ्यात कोयती हातात घेऊन आत आली आणि तीही बघायला लागली.

तेव्हा मी बोलले. एकदा बोलायला लागले तर थांबता येईना. श्री मी काढलं. नेटला काही झालेलं नाही, बुधवारीही नव्हतं. मला कळत नव्हतं, आणि कळत नाही हे सांगवलं नाही, म्हणून नेटवर ढकललं. आता कळलंय. चूक वर्षापूर्वीची आहे आणि ती माझी आहे. त्या वेळी इंग्लिश अक्षरांत साधं नाव घातलं असतं तर हे काही झालं नसतं. मी मिरवायला गेले. आणि आज पाचपर्यंत मुदत आहे.

बाहेर बाबा उभे होते ते मला दिसले नव्हते.

“म्हणजे मी कौलार चढलंय ता फुकट?” ते दारातून म्हणाले.

वहिनीला आधी हसू फुटलं. मग सगळ्याच हसल्या, आणि बाबा आपला गुडघा सगळ्यांना दाखवायला लागले. फक्त आई हसत नव्हती. ती माझ्याजवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, “मी सगळ्यांक सांगीत फिरतंय, तुका सगळा येता म्हणान. त्याचो भार झालो काय गो तुका?”

“नाय,” मी म्हटलं. मग म्हटलं, “होय. थोडो.”

“मगे सांगूक नको होता? माका चौथीत गणित येय नसला, मी बाईंक सांगलंय, येणा नाय. बाईंनी काय माका खावंक नाय.” तिनं कोयती बाजूला ठेवली. “आता तुका ठावक झालाहा मां? मगे कर.”

उपाय सोपा होता. त्या संगणकात आणखी एक खातं उघडायचं, इंग्लिश अक्षरांच्या नावाचं. त्याला नवं फोल्डर मिळेल, आणि मदतनीस तिथे बसेल. पण थोरली काकी पुढे आली आणि हात कमरेवर ठेवून उभी राहिली.

“श्री जातलो काय कायमचो?”

“नाय काकी. तो होतो तसो परत घालतंय. त्याच्या शेजारीच दुसरा घर करतंय, सहीच्या कामाक.”

“देवाक इंग्लिश चलता, मशिनीक मराठी चलना नाय,” वहिनी म्हणाली. “शेफारलेली मशीन.”

“मशिनीक चलता,” मी म्हटलं. “त्या एका प्रोग्रामाक चलना नाय.”

मी आधी सगळ्यांसमोर श्री परत लिहिलं, दोन्ही बाजूंच्या रेघांसकट. दोघी-तिघींनी नमस्कार केला. मग नवं खातं. पुन्हा तोच प्रश्न, नाव काय? या वेळी भांडण झालं नाही. आई म्हणाली, “रांदप घाल. आमी रांदतंव.” मी इंग्लिश अक्षरांत ‘रांदप’ लिहिलं.

मग ब्राउझर उघडला, एक्स्टेन्शन जोडलं, आणि बटण दाबायच्या आधी मी बाकी काहीही बदललेलं नाही याची खात्री केली. एक बदल, एक प्रयत्न. दहाबारा डोकी माझ्या खांद्यांवरून वाकली होती. पट्टी निघाली, अर्ध्यावर आली, अर्ध्याच्या पुढे गेली, थांबली. वहिनीनं माझा खांदा असा धरला की नखं लागली. मग पट्टी पुढे सरकली.

‘मदतनीस प्रोग्राम बसवला.’

“काय लिवला?” मागच्या एकीनं विचारलं. तिचा चष्मा घरी होता.

“बसलो,” आई म्हणाली. “बसलो मदतनीस.”

मी अर्ज उघडला, कागदपत्रं चढवली, एकेक नाव दोनदोनदा वाचून घेतलं. या सगळ्यात अकरा वाजून गेले. मग टोकन लावलं आणि खुर्ची काकीला दिली. तिनं हात साबणानं दोनदा धुतले तरी बोटं रातांब्यानं लालच होती.

“तोंडां फिरवा सगळ्यांनी,” ती म्हणाली.

दहाजणींनी, बाबांनी आणि मी भिंतीकडे तोंड केलं. मागे कळांचा आवाज आला, एकेक, सावकाश. मग काकीचा आवाज, “गो, पिन चुकलो म्हणता. दोन प्रयत्न रवले म्हणता.”

तीनदा चुकला की टोकन बंद पडतं आणि नवं यायला आठवडे लागतात, हे मला माहीत होतं. काकीला मी ते सांगितलं नाही. या वेळी मी घाई केली नाही. भिंतीकडे बघतच विचारलं, “काकी, पिन तुका नक्की आठवता?”

“माज्या चेडवाची जन्मतारीख विसरतलंय मी?” ती म्हणाली, आणि मग, “सांगलंय काय मी? विसरा सगळ्यांनी.”

“विसरलंव,” वहिनी भिंतीला म्हणाली.

“आकडे खयचे दाबलंस? वरच्या ओळीतले काय उजवीकडचे?”

“उजवीकडचे. ते बरे मोठे.”

“त्यांच्या वर एक बारीक दिवो असा. पेटलो असा काय?”

मागे खुर्ची करकरली. “नाय. काळोख.”

“मगे ते आकडे गेलेच नाय. वरच्या ओळीतले दाब. एकेक. आनी शेवटाक मोठी कळ.”

कळा पुन्हा वाजल्या. मग काकी वाचायला लागली. ती मराठी दुसरीपर्यंत शिकलेली, अक्षर लावून लावून वाचते. “अ-र्ज... स्वी-कार-ला... गेला.” आणि मग मोठ्यानं, “गेलो गो! अर्ज गेलो!”

बारा वाजायला दहा मिनिटं कमी होती. बाबांनी शिडी आणली आणि नेटचा डबा खाली काढायला वर गेले. फुटलेल्या कौलाच्या जागी नवीन कौल घालायचं तेवढं राहिलं होतं.

मी दुपारच्या बसनं ऑफिसला गेले. शनिवारी जेवणाच्या सुटीत दुकानात गेले आणि काय झालं होतं ते सांगितलं. तो ऐकून घेत होता, मग त्यानं एका वहीत काहीतरी लिहून घेतलं. “म्हज्या खंयच्याच गिरायकाक हें सुचपाचें ना,” तो म्हणाला. त्याला शिकलेल्या माणसांबद्दल जे म्हणायचं होतं ते तो पुन्हा म्हणाला नाही. मीही त्याला आता मानानं ‘तुमका’ म्हणते, आधी म्हणत नव्हते.

तीन आठवड्यांनी संस्थेचं उत्तर आलं. आधी नमुन्याचं जेवण मागवलं, मग काम. चारांपैकी तीन शाळा मिळाल्या, चौथी इब्रामपूरच्या एका गटाला गेली. वहिनी दोन दिवस इब्रामपूरवाल्यांच्या शिऱ्यात साखर किती ते सांगत होती. पण तीन शाळा म्हणजे अकराजणींना पुरेसं काम, आणि थोरल्या काकीनं ते पत्र स्वतः सगळ्यांना वाचून दाखवलं, अक्षर लावून, सगळं.

शाळा सुरू झाल्या त्या पहिल्या सकाळी मी मुद्दाम लवकर उठून स्वयंपाकघरात गेले. पहिल्या दिवशी डब्यांची पोच सही करून द्यायची होती आणि मला वाटलं होतं की माझी गरज लागेल. टेम्पो दारात उभा होता. बायका डबे भरत होत्या, आई कुलेरानं, म्हणजे चमच्यानं, उसळीचं मीठ बघत होती. काकी मेजाशी बसलेली, टोकन लावलेलं, उजवीकडचा बारीक दिवा पेटवलेला. माझी चाहूल लागली तशी तिनं हात आडवा धरला.

“तोंड फिरव.”

मी फिरवलं. कळा वाजल्या, सावकाश नव्हे आता.

“झाला,” काकी म्हणाली. “आता तू कित्याक रवलंस? तुझी बस चुकतली.”

“काय अडला तर—”

“अडला तर फोन करतंय. सांगतंय, काकीक कळणा नाय म्हणान. काय लाज नाय माका.” तिनं टोकन काढून पदराच्या गाठीत बांधलं. “जा तू.”

आईनं वर बघितलं नाही, पण ती हसत होती. मी निघाले. वळणावर टेम्पोनं मला मागे टाकलं, आणि आतले डबे वाजत वाजत शाळांच्या वाटेला लागले.